मनातले हात

“आता काही करू नका, ताई. विश्रांती,” असं टोपीवाल्यानं सांगितलं आणि टेबलावरचा दिवा लागला.

तो लागायला नको होता. तिनं हात मांडीवर ठेवले होते, सांगितल्याप्रमाणे, समोर पाहत होती, सांगितल्याप्रमाणे, आणि डोक्यावर ती तारांची टोपी, केसांत जागोजागी चोपडलेला गार लगदा घेऊन शहाण्या मुलीसारखी बसली होती. यंत्राचा नियम सोपा होता. उजव्या हाताची मूठ वळतोय असं नुसतं मनात आणायचं, खरा हात हलवायचा नाही, की दिवा लागतो. मनातला हात सैल सोडला की विझतो. पहिला भाग तिला पटकन जमला होता. अडलं ते दुसऱ्या भागाशी. “काय करत होतात?” टोपीवाल्यानं विचारलं. “काही नाही.” “काहीतरी करत होतात.” तिनं जरा आठवून पाहिलं आणि ओशाळली. “नळ बंद करत होते.” “कुठला नळ?” “घरचा. मोरीतला. सकाळी नीट फिरवला की नाही, शंका होती.” टोपीवाला गालातल्या गालात हसला. त्याचं खरं काम यंत्रं बनवण्याचं. ही टोपी त्यानंच शिवून, तारा जोडून तयार केलेली, म्हणून अख्खी कचेरी त्याला टोपीवाला म्हणायची, आणि ‘लोकांना टोपी घालणं हाच आपला धंदा’ हा विनोद तो प्रत्येक पाहुण्याला ऐकवून आधी स्वतः हसायचा. “पुन्हा बघू. विश्रांती.” दिवा विझला, क्षणभर विझलेला राहिला, आणि लागला. या वेळी ती पलंगावरच्या चादरीचं वर आलेलं टोक गादीखाली खोचत होती. तिसऱ्यांदा तिनं त्याच्याच स्वेटरच्या खांद्यावरचा दोरा उचलला. तसं तिनं सांगितल्यावर त्यानं दचकून खांदा झटकला. दोरा खरंच होता.

“कमाल आहे,” तो म्हणाला. “आम्ही ही टोपी आमच्या सहाजणांवर बसवून पाहिली. विश्रांती म्हटलं की सगळ्यांचा दिवा पटकन विझतो.”

“तुम्हा सहांत संसार कुणाला आहे?”

“एकट्या साहेबांना.”

“आणि त्यांचा दिवा?”

टोपीवाल्यानं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. “त्यांचा सगळ्यात आधी विझतो.”

दोघं इतकी हसली की दिवा पिसाटासारखा उघडझाप करू लागला. पण केसांतला लगदा ओल्या फडक्यानं पुसताना तिचं हसू जरा आत गेलं. घरात, नात्यात, कचेरीत तिची ख्याती थंड डोक्याची बाई अशी. हिच्या मनातलं तोंडावर येत नाही, असं तिचा नवरा कौतुकानं आणि कधी कधी वैतागून म्हणायचा. ती स्वतःही तसंच समजून होती. आणि आता कळत होतं की वरचं तळं संथ असताना खाली हे दोन हात अखंड काही ना काही पुसत, खोचत, उचलत होते, तिला न विचारता, आणि एका फुटकळ दिव्यानं ते चारचौघांत सांगून टाकलं होतं.

तिचं काम लोकांना विचारण्याचं. कुठलीही नवी वस्तू बाजारात यायच्या आधी ती कुणाला हवी, कशाला हवी, हे घरोघरी जाऊन विचारून यायचं. शिक्षण बेताचंच, पण दारात उभं राहून माणसाला बोलतं करण्याची हातोटी अंगची, आणि बाकीचं ती करता करता शिकली होती. फरशी पुसायच्या दांड्यांपासून सुरुवात झाली, मग झाकणबंद डबे, मग न घसरणाऱ्या चपला. आता हे. ज्यांचे हात ऐकत नाहीत अशा माणसांसाठी मनावर चालणारं यंत्र: दिवा, दार, खुर्ची, पुढे आणखी काय काय. ते तयार करण्याआधी कुणाला विचारायचं, काय विचारायचं, कुठे बसून विचारायचं, याची आखणी तिनं करायची होती. साहेबांची आखणी तयारच होती. दोनशे लोकांना फोन करायचे. पहिला प्रश्न, ‘हातांनी तुम्हाला काय काय करता येत नाही?’ खाली दहा पर्याय. “ताई, याहून बरं काही असेल तर परवा सांगा,” साहेब म्हणाले होते, “नाहीतर परवापासून फोन सुरू. वर्षभर टोपी यावरच बेतायची आहे.” बरं काही तिच्यापाशी नव्हतं. फक्त त्या पहिल्या प्रश्नात भातातल्या खड्यासारखं काहीतरी दाताखाली येत होतं, आणि शोधायला गेलं की सापडत नव्हतं.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. समोरच्या बाकावर मांडीवरची पिशवी कवटाळून एक बाई झोपली होती, तिच्या शेजारी एक गृहस्थ घडी घातलेलं वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत होते, आणि तिला वाटलं, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक दिवा असता तर ही बस आत्ता कशी दिसली असती. झोपलेल्या बाईचा तर नक्की पेटलेला. तिची आई शिवणकाम करायची, आणि झोपेत आईच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, सुई धरल्यासारखे. ती आणि तिचा धाकटा भाऊ उशाशी बसून पैज लावत, आई आत्ता काजं करतेय की बटण लावतेय. भाऊ म्हणायचा, काजं. मग ती आईच्या कानाशी जाऊन म्हणायची, “आई, दोरा संपला.” आणि आईचा हात हवेत वर जाऊन, नसलेला दोरा दातांनी तोडायला ओठांपर्यंत यायचा. किती हसायची दोघं. आईला एकदा सांगितलं तेव्हा ती मात्र हसली नाही, म्हणाली, “म्हणजे मेलं झोपेतही फुकटच शिवते.” तेव्हा तो आईचा विनोद वाटला होता. आज बसच्या काचेवर कपाळ टेकून तिला वाटलं, माझ्याही आत असंच फुकटचं शिवण चाललेलं आहे, आणि ते नक्की कुणाचं कापड आहे, हे मला ठाऊक नाही. ही जाणीव काही सुखाची नव्हती. पण दोरा संपला म्हटल्यावरचा भावाचा तो दबलेला खिदळता आवाजही त्याच्याबरोबर आला, आणि तिला बसमध्ये एकटीलाच हसू फुटलं. वर्तमानपत्रवाल्या गृहस्थांनी आपल्या शर्टाची बटणं तपासून घेतली.

घरी सासूबाई खुर्चीत बसून वाटच पाहत होत्या. “आण तुझे प्रश्न,” त्या म्हणाल्या. ही घरातली जुनी वहिवाट. कुठलेही प्रश्न लोकांकडे नेण्याआधी सासूबाईंच्या चाळणीतून जात. फरशीच्या दांड्यांच्या वेळी तिनं विचारलं होतं, फरशी आठवड्यातून कितीदा पुसता? सासूबाई म्हणाल्या होत्या, “विचारणारा पुरुष असेल तर रोज. बाई असेल तर खरं सांगीन.” ती तो धडा अजून विसरली नव्हती. सासूबाईंनी जन्म काढला इस्पितळाच्या धुलाईघरात. ओल्या, जड चादरी दोघींनी दोन टोकं धरून पिळायच्या. लग्न होऊन ही घरात आली तेव्हा पहिल्याच रविवारी त्यांनी तिच्या हातात चादरीचं एक टोक दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि असा पीळ दिला की नवी नवरी जागच्या जागी गर्रकन फिरली. “नीट धर गं,” त्या म्हणाल्या होत्या, “तू सुटलीस तर मी पडेन.” जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या न उघडणाऱ्या बरण्या त्यांच्याकडे यायच्या. आता येत नसत. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुरू झाला. हात मांडीवर असले की शांत. काही उचलायला गेलं की थरथरायचे, कपाला बशीवर टकटक करायला लावायचे. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण जाणारही नाही. आणि त्या दिवसापासून घरात त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नव्हता. ती त्यांना अर्धा कप चहा द्यायची, म्हणजे सांडू नये. बरण्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायची. झंपरांची हुकं काढून तिनं गुपचूप टिचबटणं लावली होती. हे सगळं इतक्या सफाईनं की आपल्या नवऱ्यालाही पत्ता नाही, असं तिला वाटायचं. त्याला तर खरंच नव्हता, पण त्याला घराचा रंग बदलल्याचाही आठवड्यानं पत्ता लागायचा.

तिनं चहा टाकला, तो उकळेपर्यंत टोपीची आणि दिव्याची हकीगत सांगितली, अर्धा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि नेहमीच्या धंदेवाईक आवाजात विचारून टाकलं, “हातांनी तुम्हाला काय काय करता येत नाही?”

शब्द तोंडाबाहेर पडले आणि मग तिला ते ऐकू आले. दोनशे अनोळखी माणसांसाठी काढलेला प्रश्न या एका खोलीत, या दोन हातांसमोर, भलताच मोठा झाला. सासूबाईंनी कपाकडे पाहिलं. नवरा आतल्या खोलीत टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत होता, तेवढाच काय तो आवाज.

“हा कुणी काढला?”

“साहेबांनी.”

“त्यांना म्हणावं, आधी तुमचं सांगा.”

“चुकलंच माझं, आई. राहू दे. दुसरा प्रश्न…”

“थांब. विचारलंयस तर ऐक.” सासूबाईंनी बोटानं कप थोडा पुढे सारला. “तीन वर्षं तू मला अर्धा कप चहा देतेस. आधी वाटलं, दूध महाग झालं असेल.”

“अहो आई!”

“मग पाहिलं, त्या बातमीवाल्याला काठोकाठ मिळतो. म्हणजे दुधाचं काही नाही.” त्या हसत होत्या, पण डोळे तिच्यावरून हलत नव्हते. “झाकणं सैल. मुरंब्याची बरणी परवा उचलली तर झाकण हातात आणि बरणी जागेवर. आणि टिचबटणं! त्या बटणांचा आवाज येतो गं, बंद करताना. मला नाही का कळत?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू एवढ्या बेतानं ओततेस, बरोबर अर्ध्यावर थांबतेस, वर बघतेससुद्धा की मला कळलं का. म्हटलं, हिला बरं वाटतंय, वाटू दे. तू मला सांभाळत होतीस, मी तुला.” त्यांनी सुस्कारा टाकला. “हातांनी मला सगळं करता येतं, लिही. सांडतं थोडं. करता येत नाही ते एकच. भरलेला कप मागता येत नाही.”

दारोदार हिंडून हजारो बायांना तिनं विचारलं होतं: दांडी जड वाटते का, झाकण घट्ट बसतं का, चपलेनं टाच दुखते का. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तो हाच. मरणाची लाज वाटली, आणि त्या लाजेच्या बुडाशी एक विचित्र हलकेपणाही होता, कारण भातातला तो खडा आता सापडला होता. माणूस काय करू शकत नाही हे विचारलं की तो मान खाली घालतो, किंवा सगळं येतं म्हणतो, आणि फोन ठेवतो. काय करू दिलं जात नाही, हे कुणी विचारतच नाही. ती उठली, किटली घेतली, त्यांच्या कपात ओतू लागली. चहा अर्ध्याच्या खुणेपर्यंत आला आणि तिचा हात थांबला. तिनं त्याला पुढे रेटलं. तो जाईना. चांगला धडधाकट, न थरथरणारा हात, आणि ऐकेना.

सासूबाईंनी ते पाहिलं आणि पोट धरून हसल्या. “बघ. टोपी तुलाच पाहिजे.” मग डोळे पुसत म्हणाल्या, “उद्या मला घेऊन चल. मलाही घालू दे तुझ्या त्या पोराला टोपी.”

आतून नवरा ओरडला, “काय झालं हसायला?” “तुझी बातमी नाही,” सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ठेवणीतल्या कपड्यांत कचेरीत आल्या. टोपीवाल्यानं त्यांच्या पांढऱ्या विरळ केसांत लगदा लावताना “गार लागेल हं, आजी” म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “लाव रे. तेल लावून घ्यायची हौस अशी तरी फिटली.” साहेबही येऊन उभे राहिले, घड्याळाकडे बघत, कारण उद्यापासून फोन लावायला त्यांनी माणसं सांगून ठेवली होती. टोपीवाल्यानं नियम समजावला. उजव्या हाताची मूठ वळताय असं मनात आणा. समजा हातात चेंडू आहे, तो दाबा.

“कुठला हात?” सासूबाईंनी विचारलं.

“उजवा.”

“ते कळलं. आत्ताचा की आधीचा?”

टोपीवाला गोंधळला. त्यानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी तिच्याकडे. सहाजणांवर टोपी बसवताना हा सवाल कुणालाच पडला नव्हता. त्यांच्या हातांना अजून आधी आणि आत्ता असं काही झालेलंच नव्हतं. “जो… सोपा जाईल तो,” टोपीवाला चाचरत म्हणाला.

यंत्राला त्यांच्या मनाची ओळख पटायला थोडा वेळ गेला. दिवा दोनदा लुकलुकला, विझला. सासूबाईंनी डोळे मिटले, हनुवटी जराशी वर केली, आणि दिवा लागला. लागला तो लागूनच राहिला, तेलाच्या भरल्या समईसारखा स्थिर. टोपीवाला पडद्यावरच्या रेघांकडे वाकून बघत म्हणाला, “आजी, एवढं सलग आमच्या कुणालाच जमलं नाही.” मांडीवर त्यांचे खरे हात, शिरा वर आलेले, एकमेकांत गुंतवून ठेवलेले, स्वस्थ पडून होते. मग तो म्हणाला, “विश्रांती,” आणि दिवा चट्कन विझला.

“हे कसं जमतं तुम्हाला?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“काम संपलं की संपलं. मी निवृत्त आहे.” त्यांनी डोळे उघडले. “चेंडू काही मला दाबता येईना बाई. चेंडू कशाला दाबायचा? चादर पिळली. चांगली इस्पितळाची, भिजलेली.”

“एकट्यांनी?”

“एकटीला कशी पिळता येईल? दुसरं टोक तुझ्या हातात होतं. मनात म्हटलंसुद्धा, नीट धर गं.” मग जरा थांबून, “या वेळी फिरली नाहीस.”

साहेब घसा साफ करत म्हणाले, “म्हणजे, आजींचा मनातला हात थरथरत नाही. बरोबर? पण ताई, आपल्या आखणीच्या दृष्टीनं याचा अर्थ काय घ्यायचा?”

“अर्थ असा, साहेब, की हे फोनवर दिसलं नसतं.” एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबली नाही. दोनशे फोन नकोत; थोडी घरं द्या, प्रत्येक घरात पुरता दिवस द्या. जेवणाच्या, धुण्याच्या, बाहेर पडायच्या वेळी मला तिथे नुसतं बसू द्या. काय येत नाही हे मी कुणाला विचारणार नाही. कुठला हात आठवतो ते विचारीन, काय स्वतःच करायचंय ते विचारीन, आणि घरातल्या इतरांना वेगळं बसवून विचारीन, तुम्ही न सांगता काय काय करून टाकता. यंत्रानं कुठे मध्ये पडायचं नाही, ते आधी कळू द्या. मग कुठे पडायचं ते आपोआप कळेल. साहेबांनी कपाळ चोळलं. “वेळ फार जाईल.” “जाईल.” “आणि फोनवाल्यांना मी काय सांगू?” “सांगा, विश्रांती,” टोपीवाला पुटपुटला. साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, मग त्यांनाही हसू आवरेना. “बरं. घरं बघा. पण पहिल्या घरातून काही हाती लागलं नाही तर फोन सुरू, हे आत्ताच सांगतो.”

“पहिलं घर झालं की,” सासूबाई म्हणाल्या. “आता चहा सांगा.”

चहा येईपर्यंत टोपीवाल्यानं टोपी पुन्हा तिच्या डोक्यावर चढवली. कालची विश्रांतीची मोजणी अपुरी राहिली होती, ती हातासरशी उरकू, म्हणाला. ती हात मांडीवर ठेवून बसली. चहा आला. कचेरीतले जाड, पांढरे कप, काठोकाठ भरलेले, कारण इथे अर्ध्याची खूण कुणालाच ठाऊक नव्हती. सासूबाईंनी आपल्यासमोरचा कप पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तो उचलला.

कप थरथरला. चहा काठावर आला, एक ओघळ बोटांवरून खाली उतरला. ती जागची हलली नाही. मोठ्या निश्चयानं तिनं स्वतःला खुर्चीत बसवून ठेवलं, नजर समोर ठेवली, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. थंड डोक्याची बाई.

टेबलावरचा दिवा लख्ख पेटला होता.

खोलीत सगळ्यांनी तो पाहिला. सासूबाईंनीही. कप हवेत तसाच धरून, चहाचे थेंब पदरावर पडू देत, त्या दिव्याकडे बघत राहिल्या, जणू तिथे कुणी येऊन उभं राहिलंय, ओळखीचं, आणि त्याच्या हातांत त्यांच्या कपाची बशी आहे. त्यांचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला.

“किती वर्षं हा असा जळतोय गं तुझ्या डोक्यात?” त्या म्हणाल्या. “विझव बाई आता. माझं मी पिते.”

तिनं डोळे मिटले. मनातले दोन हात कपाखाली ओंजळ धरून उभे होते, हटत नव्हते. तिनं त्यांना दटावलं नाही. आई दोरा संपला, असं कुणीतरी कानाशी खिदळून म्हणाल्यासारखं झालं. हळूच एक बोट सुटलं, मग दुसरं, आणि हातांना आता कुठे जायचं ते कळेना म्हणून ते येऊन तिच्याच मांडीवर, खऱ्या हातांवर बसले, दमलेल्या पाखरांसारखे. शेजारी भुरका मारल्याचा मोठा, समाधानी आवाज झाला.

“विझला,” टोपीवाला हळूच म्हणाला.

“साखर कमी आहे,” सासूबाई म्हणाल्या.